सुतारआळीचं वाळवण

"ज्याच्या कुणाच्या अंगणातला भुसा आमच्या डोळ्यांत गेला, त्याने सरळसरळ राजद्रोह केला आहे!" सज्जात उभा राहून डोळे चोळत राजा गरजला.

नाव त्याने कुणाचंच घेतलं नाही, पण राजवाड्याच्या पायथ्याशी सुतारआळीच होती. दारोदार लाकडाच्या भुशाचे ढीग, आणि शेजारच्या खळ्यांतली भुईमुगाची टरफलंही वाऱ्याने तिथेच येऊन साचायची. हुकूम सुटला: आठ दिवसांत आळी लख्ख झाली नाही, तर सुतारांनी गाव सोडायचं. वर अटीही घातल्या. सुतारांनी कचरा जाळायचा नाही, पुरायचा नाही, नदीत सोडायचा नाही आणि वेशीबाहेरही न्यायचा नाही.

आळीतले म्हातारे कपाळाला हात लावून बसले. धोंडजी सुताराच्या येसूला त्यांचाच राग आला.

"रडून फार तर भुसा भिजेल," ती बापाला म्हणाली. "बा, आईचा कुरडयांचा सोऱ्या बघ आणि तसाच माणसाएवढा एक बनव."

"भुशाच्या कुरडया घालतेस की काय?"

"घालते."

दिवस उन्हाळ्याचे. कुरडयांसाठी घरोघरी गहू भिजले होते. चीक काढल्यावर उरणारा चिकट चोथा येसूने दारोदार फिरून गोळा केला. टरफलं उखळात कुटली, भुसा चाळला, सगळं चोथ्यात मळलं. सोऱ्याच्या दांड्यावर दोन दांडगे सुतार बसले, की खालून बोटाएवढ्या घट्ट कांड्या पडायच्या. बायकांनी त्या खाटांवर पसरल्या. तीन कडक उन्हं खाऊन कांड्या खणखणीत वाळल्या.

त्या राज्याची एक रीत होती. दर उन्हाळ्यात प्रत्येक आळीने आपलं पहिलं वाळवण राजवाड्यात पाठवायचं, आणि राजवाड्याने ते कधीच परत करायचं नाही. कशाचं पाठवायचं आणि किती, हे मात्र कुणी ठरवलेलंच नव्हतं. पाचव्या दिवशी सुतारआळीतून साठ पाट्या भरून वाळवण गेलं. मागोमाग आचाऱ्याला निरोप गेला, की हे चुलीत घाला.

आठव्या दिवशी आळीत चिमूटभर भुसा सापडेना. राजाने येसूला दरबारात बोलावलं. आचारी आणि प्रधानजीही तिथेच होते.

"जाळला?"

"नाही, महाराज."

"पुरला?"

"नाही."

"मग गेला कुठे?"

"तुमच्या कोठारात. तीन दिवस महाराज त्याच्यावरच तापलेल्या पाण्याने आंघोळ करताहेत."

राजा ताडकन उठला. "म्हणजे जाळलाच की!"

"आम्ही रीतीप्रमाणे वाळवण पाठवलं. जाळलं ते महाराजांच्या चुलीने, आणि राजाच्या चुलीला हुकूम करणारी मी कोण? फक्त एवढं सांगा, या तीन दिवसांत मुदपाकखान्याच्या धुराने नेहमीसारखे डोळे चुरचुरले का?"

राजाने डोळे मिचकावून पाहिले. ते जराही चुरचुरत नव्हते. आळी राहणार की उठणार, ते आता ठरायचं होतं. आणि राजा पोट धरून हसत सुटला. सुतार राहिले. राजवाड्याच्या सगळ्या चुली येसूच्या कांड्यांवर चालतील असं ठरलं, मोठ्या सोऱ्यासाठी तिला नदीकाठी जागा मिळाली आणि हातात सोन्याचं कडं पडलं.

"पण महाराज," आचारी चाचरत म्हणाला, "तो निरोप मला पंगत उठल्यावर मिळाला. वाळवण म्हणून आधी मी चार तळून वाढल्या होत्या."

प्रधानजींचा हात हळूच गालावर गेला. "तरीच," ते म्हणाले, "मला वाटलं, यंदाच्या कुरडया नीट फुलल्या नाहीत."