सोआझिकची चादर

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर प्लूवारेक नावाचं एवढंसं गाव आहे. अर्धं गाव मासे धरतं, अर्धं बटाटे लावतं, आणि दोन्ही अर्धी एकमेकांना बघून नाकं मुरडतात. फार वर्षांपूर्वी तिथे सोआझिक नावाची एक विधवा राहायची. तिच्या नवऱ्याची होडी बंदराच्या तोंडाशी खडकांवर आपटली आणि तो गेला. दुसऱ्या कुणाचा असा जाऊ नये, म्हणून ती टेकडीवरच्या आपल्या घराची समुद्राकडची भिंत दर वर्षी चुन्याने पांढरीशुभ्र करायची. भिंतीच्या रोखाने होडी आणली की खडक बाजूला राहायचे. ती भिंत अंधारातही दिसायची, असं म्हणतात.

चुना मात्र शेतकऱ्यांकडे असायचा, शेतात टाकायला. एका वर्षी वाहून आलेल्या शेवाळावरून गावात जुंपली. शेतकऱ्यांना ते खताला हवं, कोळी म्हणाले समुद्रातलं ते आमचं. त्यातच सोआझिक बादली घेऊन शेतकऱ्यांच्या म्होरक्याकडे, गुल्वेनकडे गेली.

"गुल्वेनदादा, एवढा बादलीभर चुना द्या. भिंत पार काळी पडलीय."

"का गं, भिंतीला चुना फासून बटाटे येतात का? जा, तुझ्या कोळ्यांकडे माग!"

सगळे खो खो हसले. मेल्यांना हसायला काय जातंय!

मग एका दुपारी आभाळ फाटलं. होड्या अजून बाहेर, आणि काळी भिंत कुणाला दिसेना. सोआझिकने लग्नातली पांढरी चादर काढली आणि कड्यावर धावली. पण चादर एकटीला धरता येते का हो? एक टोक धरलं की दुसरं वाऱ्याने गुंडाळलं जायचं.

"अरे, कुणीतरी दुसरं टोक धरा!" ती ओरडली.

शेतात गुल्वेन आणि त्याची माणसं होती. सगळ्यांना ऐकू गेलं. पण आधी जाणार कोण? हा त्याच्याकडे बघतोय, तो ह्याच्याकडे.

शेवटी तिने एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं डोक्यावर ताणून धरलं. चादर फुगली, भिंतीएवढी झाली, टेकडीएवढी झाली, असं म्हणतात. एकेक होडी वळून आत आली. शेवटची धक्क्याला लागली आणि वाऱ्याने चादर उचलली, सोआझिकसकट. तेव्हा कुठे गुल्वेन धावला. वर पोचला तर तिथे नुसतं गवत.

मग त्याने अख्खी गोणी चुना नेऊन भिंत रंगवली. साप गेल्यावर भुई धोपटायची, दुसरं काय! बिचारी सोआझिक. तिला एक हात हवा होता, फक्त एक.

आता तिथे दीपगृह आहे. तरी वर्षाच्या पहिल्या वादळात गाव कड्यावर जमतं. तशाच एका पांढऱ्या चादरीचं एक टोक कोळ्याच्या घरचं माणूस धरतं, दुसरं शेतकऱ्याच्या घरचं. हात भरून येतात, पण शेवटची होडी येईपर्यंत कुणी सोडत नाही. एखादा पाहुणा हसून विचारतो, "अहो, आता कशाला धरायची?"

म्हातारे शेतकरी मान खाली घालून सांगतात, "तेव्हा धरली नाही, म्हणून."