हिरेमठ मॅडमचं बटण

"...पण चाचा, एका माणसाला एकच गोष्ट किती वेळा शिकवायची?"

फोन जवळजवळ आपटूनच यतीन खटावकरने हे विचारलं.

मुलाणीचाचा एक कीबोर्ड पालथा करून झटकत होते. त्यातून शेवेचे दोन तुकडे आणि एक टाचणी पडली.

"इतिहास विभाग," चाचा म्हणाले. यतीनच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

विद्यापीठाच्या संगणक साहाय्य कक्षात ही दोनच माणसं. प्राध्यापक असो, कारकून असो की ग्रंथपाल, कोणाचंही यंत्र अडलं की फोन इथेच यायचा. चाचा या विद्यापीठात लागले ते टाइपरायटर दुरुस्त करायला. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून शिरायचे ते दिवस त्यांनी पाहिले होते. यतीन इंजिनिअर होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

"सांगा ना चाचा."

"तू किती वेळा शिकवलीस?"

"अकरा."

"मग?"

"मग काय! पालथ्या घड्यावर पाणी."

"कोण म्हणायचं?"

"हिरेमठ मॅडम! दुसरं कोण असणार?"

वनस्पतिशास्त्राच्या डॉ. हिरेमठ मॅडमनी यतीनच्या नाकी नऊ आणले होते. दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. कधी हजेरीचा तक्ता, कधी गुण, कधी विद्यार्थ्यांचा अहवाल. ऑनलाइन अर्ज त्या स्वतः भरायच्या. आणि मग म्हणायच्या, अहो, तेवढं शेवटचं बटण दाबून द्या.

यतीन आपल्या खुर्चीतूनच त्यांचा संगणक जोडून घ्यायचा, 'सादर करा' दाबायचा, आणि तक्रार निकाली काढायचा. कारणाच्या रकान्यात लिहायचा: वापरणाऱ्यास माहिती नाही.

"दोनशे झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ आहेत बाईंना," तो म्हणाला. "आणि एक बटण सापडत नाही? हिरवं आहे हो! एवढं मोठं!"

चाचांनी टाचणी उचलून डबीत टाकली.

"गेल्या महिन्यात तीनशे चाळीस तक्रारी निकाली काढल्या मी. कुलसचिवांनी पाठ थोपटली."

"त्यात मॅडमच्या किती?"

"तीन."

"म्हणजे एकच तक्रार तीनदा काढलीस."

यतीनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चाचांना उलटून बोलायची या इमारतीत पद्धत नव्हती.

"आज काय अडलंय त्यांचं?" चाचांनी विचारलं.

"एका विद्यार्थिनीचा प्रबंध. सारिका होवाळ. मार्गदर्शकाची संमती चारच्या आत गेली पाहिजे, नाहीतर पोरगी सहा महिने मागे." यतीनने घड्याळ पाहिलं. तीन वीस. "दोन मिनिटांचं काम आहे. जोडतो आणि देतो दाबून."

त्याने माउसवर हात ठेवला.

चाचा उठले. सावकाश चालत भिंतीपाशी गेले. आणि यतीनच्या संगणकाचा भिंतीवरचा खटका त्यांनी सरळ बंद केला.

"चाचा!"

चालू संगणक असा बंद करू नये, हे विद्यापीठातल्या प्रत्येक माणसाला तीस वर्षं ओरडून सांगणारा माणूस तो. यतीन बघतच राहिला.

"चालत जा," चाचा म्हणाले.

"चालत? पलीकडच्या टोकाला? चाचा, चार वाजता सगळं बंद होतंय!"

"म्हणून तर लवकर नीघ."

तेवढ्यात कॅन्टीनचा चहा आला. चाचांनी दोन कप काठोकाठ भरले, दोन बश्यांवर ठेवले आणि यतीनच्या दोन हातांत दिले.

"एक मॅडमचा, एक तुझा. काम झाल्याशिवाय कोणी प्यायचा नाही."

"निदान ट्रे तरी द्या."

"ट्रे नाही."

ट्रे समोरच्या कपाटावर होता. यतीनला तो दिसत होता, चाचांनाही दिसत होता.

...

भर उन्हात, दोन हातांत दोन कपबश्या सांभाळत, विद्यापीठाचा सगळ्यात हुशार माणूस मैदान ओलांडत होता. भरभर चालावं तर चहा बशीत, सावकाश चालावं तर चार वाजणार. परीक्षा विभागाच्या पायरीवर दोन कारकून उभे होते.

"काय खटावकर, कॅन्टीनला बदली झाली वाटतं?"

यतीनने मनातल्या मनात चाचांना, मॅडमना आणि झाडून सगळ्या वनस्पतींना शिव्या घातल्या. त्याशिवाय त्याला काही करताही येत नव्हतं.

मॅडमच्या खोलीत पोचला तेव्हा पावणेचार झाले होते.

"अगं बाई, तुम्ही स्वतः आलात? आणि चहा घेऊन?" मॅडम उठल्या. "थांबा थांबा, टेबलावर नका ठेवू! नमुने आहेत."

टेबलभर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर वाळवलेल्या फांद्या चिकटवल्या होत्या. खुर्च्यांवर त्याच. खिडकीतही त्याच.

"धरून ठेवता का जरा?"

"धरतो," यतीन दात आवळून म्हणाला. "बोला, काय अडलंय?"

मॅडम पुन्हा संगणकापुढे बसल्या. यतीनने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

अर्ज पूर्ण भरलेला होता. एकही चूक नव्हती. खाली शेजारी शेजारी दोन बटणं, दोन्ही हिरवी: 'सादर करा' आणि 'रद्द करा'. आणि माउसचा बाण 'सादर करा'वरच उभा होता. तो बारीक थरथरत होता.

"बटण तर सापडलंय तुम्हाला!"

"ते कधीच सापडलंय हो."

"मग दाबा ना!"

"तुम्ही दाबा."

"मॅडम, अकरा वेळा मी..."

"माहितीये मला. अकरा वेळा."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. दीपराज. शेताच्या बांधावरच्या गवतांवर एवढं सुंदर काम केलं होतं त्याने... त्याचा अर्ज भरला, आणि माझ्या हातून शेजारचं दाबलं गेलं."

"रद्द?"

"चारला दोन मिनिटं कमी होती. पुन्हा भरेपर्यंत वेळ संपली. सहा महिन्यांनी ये म्हणाले. तो आलाच नाही. आता कराडला मोबाइलच्या दुकानात असतो. दिवाळीला मेसेज करतो मला. एका शब्दाने बोलला नाही कधी."

"तेव्हा आम्हाला फोन का नाही केला?"

"काय सांगणार होते? यंत्र ठीकच होतं."

यतीनला तो कारणाचा रकाना आठवला. वापरणाऱ्यास माहिती नाही. अकरा वेळा त्याने ते आपल्या हाताने लिहिलं होतं, आणि अकराही वेळा ते खोटं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटायला लावल्याबद्दल चाचांचा रागही आला.

भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

"दाबा हो खटावकर," मॅडमचा आवाज बारीक झाला. "सारिकाचं तरी वाटोळं नको. तुमचा हात चुकत नाही."

खरंच होतं ते. एक क्षणाचं काम. यतीनने खाली, पायांपाशी पाहिलं. मग माउसवरच्या मॅडमच्या हाताकडे पाहिलं.

"माझे हात अडकलेत मॅडम," तो म्हणाला. "तुम्हालाच दाबावं लागेल."

"चुकलं तर?"

"त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा."

"सादर करा."

"पुन्हा वाचा."

"सादर... करा."

"आता शेजारचं."

"रद्द करा."

"मग तुम्हाला कोणतं हवंय?"

मॅडमनी श्वास रोखला.

टक्.

पडदा पांढरा झाला. मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. विद्यापीठाचं इंटरनेट एरवीही रडतखडत चालायचं, आज तर त्याने हद्द केली. मॅडमचे डोळे गच्च मिटलेले. यतीनच्या दोन्ही बश्यांत कप किणकिणत होते.

"मॅडम."

"नको. सांगू नका."

"उघडा डोळे. 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे.'"

मॅडमनी ती ओळ वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली. मग उठल्या, यतीनच्या हातातला एक कप घेतला आणि थंडगार चहा एका दमात पिऊन टाकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"किती वाईट चहा आहे हो हा," त्या म्हणाल्या.

...

यतीन कक्षात परतला तेव्हा चाचा पुढचा कीबोर्ड झटकत होते.

"दोन मिनिटांचं काम होतं, चाचा! तासभर गेला माझा. सगळ्या विद्यापीठात हसं झालं ते वेगळंच."

"अर्ज गेला?"

"गेला."

"दाबलं कोणी?"

"त्यांनीच. मी कसा दाबणार? दोन्ही हात अडकवून पाठवलंत मला." मघाची लाज लपवायला त्याला राग बरा पडत होता. "टेबलावर नमुने, खुर्चीवर नमुने, खिडकीत नमुने. त्या खोलीत कप ठेवायला जागाच नव्हती!"

चाचांनी त्याच्या हातातल्या रिकाम्या कपबश्या काढून घेतल्या. नळ सोडला. एक कप धुतला, दुसरा धुतला.

"त्या खोलीला फरशी नाही का रे?"