राजमार्गाचा अर्थ

सुरंगगडच्या राजाने वेशीपासून गडापर्यंत फरसबंद रस्ता बांधला आणि दवंडी पिटवली, "राजमार्ग म्हणजे राजाचा मार्ग. दुसऱ्या कोणी त्यावर पाऊल टाकायचं नाही!" लोक मुकाट्याने ओढ्यातून वळसा घालू लागले.

एके सकाळी ठकू सुईण मात्र अडलेल्या बाळंतिणीकडे थेट त्याच रस्त्याने धावली. बाई सुखरूप सुटली. पण परतताना पहारेकऱ्यांनी ठकूला धरून दरबारात उभं केलं.

"राजमार्गाचा अर्थ ठाऊक नाही तुला?" राजा गरजला.

"आहे, महाराज. एकट्यादुकट्याच्या चालण्याने पडते ती पाऊलवाट. सगळी रयत ज्यावरून जाते, तो राजमार्ग. आपण एकटेच चालता, म्हणजे एवढे दगड घालून आपण पाऊलवाटच बांधलीत."

राजाची मान खाली गेली.

"रस्ता आजपासून सर्वांना खुला," तो म्हणाला. "पण बाई, हे आधीच का नाही सांगितलंस?"

ठकूचे डोळे भरून आले. "भ्याले, महाराज. गेल्या महिन्यात तांबटाच्या सुनेकडे ओढ्यातून वळसा घालून गेले. पोचले, तोवर ती गेली होती."

राजाने हातातलं कडं काढून पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.