दारांना टेकून बसलेली माणसं

त्या राज्यातल्या प्रत्येक गावात सगळ्या प्रकारचे कारागीर होते आणि त्यांतल्या बहुतेकांची दारं बंद होती; ज्या गावाला जे काम नको, त्याचं दार तिथे बंद. नवं गाव वसलं की जुन्या गावातली सारी घरं तिथेही जशीच्या तशी उभी राहत. रीतच होती तशी. कारागिरांहून कितीतरी जास्त होती रिकामी माणसं. ती काही घडवत नसत. कुणी एखाद्या दाराला पाठ टेकून बसे, कुणी लांबूनच हाक मारून एखाद्या कारागिराला जागं करी. याला काम म्हणावं असं कुणाला वाटलं नाही.

सर्वांत खालच्या गावात जाड, राठ कातडं तयार होई. राज्य लवकरच पहिल्यांदा उठून उभं राहणार होतं आणि सगळा भार याच गावावर येणार होता. कातडं कमी पडलं तर गाव चिरडलं जाईल, या धास्तीने कारभारी धोंडसाला घास गोड लागेना. एका बंद दारापाशी बसलेली सावळाई दिसताच त्याचं डोकं फिरलं.

"बाई, तू दिवसभर करतेस काय?"

"बसते."

"कशासाठी?"

"उठले तर दार उघडेल."

"मग उघडू दे की! तेवढेच दोन हात वाढतील."

स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला. संध्याकाळच्या आत सगळी रिकामी माणसं वेशीबाहेर हाकलली गेली. कुणी तक्रार केली नाही. सावळाई तेवढी मागे वळून वळून दाराकडे पाहत होती.

सगळ्यांत आधी सावळाईचं दार उघडलं. आतून एक तरणाताठा कारागीर बाहेर आला. त्याला एकच विद्या येत होती आणि ती अप्रतिम येत होती. हे गाव कुठलं, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. कातडं बाजूला सारून त्याने नितळ भिंग घडवायला घेतलं, त्यामागे काळोखाची खोली, भोवती ओलसर पडदा.

धोंडसाने ते पाहिलं. सांगतानाही अंगावर काटा येतो, इतकं ते सुंदर होतं.

"अरे, हे इथे कशाला? थांबव!"

"थांबायचं कसं ते मला येत नाही, कारभारी. ते कायम दाराबाहेर बसणाऱ्यांनीच पाहिलंय."

धोंडसा ओरडत वेशीकडे धावला. तिथे कुणीही नव्हतं. तेवढ्यात फार उंचावरून एक मायेचा आवाज आला, "ये बाळा, ये. एकच पाऊल टाक."

सारं राज्य डगमगत उभं राहिलं. सर्वांत खाली, तळपायाच्या राठ कातड्याच्या मधोमध, पापणी उघडली आणि त्या नितळ डोळ्याला फरशी जवळ येताना दिसली.