पाहणी दौरा

सरकारी जीप बायकोच्या माहेरी न्यायची आणि त्याला ‘पाहणी दौरा’ म्हणायचं, यात तहसीलदार गायधनीसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता.

निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघं बँकॉकला गेली. विमानतळावर टॅक्सीत बसताना कुमुदबाई म्हणाल्या, “अहो, आधी मीटर टाकायला सांगा.”

“मीटर? मी जन्मात कधी गाडीचं मीटर बघितलेलं नाही!” साहेब गुरगुरले.

खिडकीतून तोच सोनेरी कळस तिसऱ्यांदा दिसला, तेव्हा कुठे साहेबांना संशय आला. हॉटेलच्या दारात ड्रायव्हरने तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तशी त्यांची तहसीलदारी जागी झाली.

“लुच्चा लेकाचा! दुसऱ्याच्या पैशावर गाडी वाटेल तिकडे फिरवतो. लाज कशी वाटत नाही?”

कुमुदबाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, लुच्चा काय म्हणता बिचाऱ्याला? पाहणी दौरा असेल त्याचा!”

ड्रायव्हरला यातलं अक्षरही कळलं नाही. साहेबांना मात्र सगळं कळलं. बायकोकडे न बघता त्यांनी पाकीट काढलं.

पाहणी दौऱ्याचा खर्च स्वतःच्या खिशातून भरायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.