पोवळीला पाजलेला काढा

लहानांनो आणि लहानांच्या आजोबांनो, नीट ऐका. फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी गुराख्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावात दोन भाऊ राहत होते.

एका वर्षी गोचिडांनी कहर केला. गोचीड चावले की गुरांना ताप भरायचा, लघवी लाल व्हायची आणि चार दिवसांत दावं रिकामं व्हायचं.

गावचे म्हातारे म्हणाले, "डोंगरातल्या कडू वेलीच्या मुळाचा काढा पाजा. आमच्या आज्याच्या वेळी पाजायचे."

थोरल्या भावाने विचारलं, "पाजायचे खरं. पण त्यातली जगायची किती?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग थोरल्याने आपली आठ आजारी गुरं दोन दावणींना बांधली. एका दावणीला काढा पाजायचा. दुसरीला काढा नाही. नुसते गोचीड वेचायचे, चारापाणी करायचं. "आठ दिवसांनी गुरंच सांगतील," तो म्हणाला.

धाकट्याची लाडकी गाय पोवळी दुसऱ्या दावणीला आली. धाकटा भडकला.

"माझ्या पोवळीनं काय घोडं मारलंय? तिलाच औषध नाही?"

"औषध आहे की विष, तेच तर बघायचंय, येड्या. तिला काही पाजू नकोस हं."

धाकट्याला एवढा धीर कुठला! थोरला गोठ्याबाहेर पडला तशी भरदुपारी त्याने बांबूचं नळकांडं भरलं आणि पोवळीला काढा पाजला. एकदा नाही, दोनदा.

तिसऱ्या दिवशी पोवळी मेली. धाकटा तिच्या मानेला मिठी मारून रडला. पण काढा पाजल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी थोरल्याने दोन्ही दावणी पाहिल्या. काढ्याच्या दावणीतला एक बैल गेला होता. बिनकाढ्याच्या दावणीतली एकटी पोवळी गेली होती.

"सारखंच की," तो म्हणाला. "म्हणजे मारतो तो ताप, काढा नव्हे. म्हातारे म्हणतात तर गावाच्या गुरांना पाजून बघायला हरकत नाही."

मेलेली दोन्ही जनावरं काढा प्यायलेली होती. न प्यायलेलं एकही मेलं नव्हतं. हे साऱ्या जगात एकट्या धाकट्यालाच माहीत होतं. 'संध्याकाळी सांगू,' तो मनात म्हणाला. 'आत्ता सांगितलं तर दादा चारचौघांत थोबाडीत देईल.'

पण त्या गावची एक रीत होती. दुसऱ्याच्या मुक्या जनावराला जे पाजायचं, ते आधी पाजणाऱ्याने ओंजळभर प्यायचं.

त्याच दुपारी सगळं गाव पाणवठ्यावर जमलं. थोरल्याने ओंजळ भरली. धाकट्याचे ओठ हलले.

"काय रे? पोवळी आठवली?" थोरल्याने हसून विचारलं.

धाकट्याने मान डोलावली. थोरला काढा प्यायला. तोंड वाकडं करून म्हणाला, "कडू आहे रे बाबा! गुरं शिव्या देतील मला." सगळे हसले.

हसू ओठांवर असतानाच थोरल्याचे गुडघे वाकले. दिवस मावळायच्या आत तो गेला.

लोकांना काही कळेना. "अरे, आत्ता तर बोलत होता!" एवढंच जो तो म्हणत होता. तेव्हा धाकट्याने भावाचे गार हात हातात घेतले आणि ओरडून सगळं सांगितलं. कुणी त्याला मारलं नाही. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "लेकरा, हेच सकाळी बोलला असतास तर एक थोबाडीत बसली असती. मारायला दादा तरी असता."

काढा खड्ड्यात ओतला गेला. गोचीड वेचून वेचून गावाने पुष्कळ गुरं वाचवली. धाकटा जन्मभर थोबाडीत मारणाऱ्या त्या एका हाताची वाट बघत राहिला.

म्हणून सांगतो: चूक झाली की त्याच घडीला कबूल करा, लपवलेल्या चुकीचं विष आपल्या माणसाच्या ओंजळीत जातं.