करंजावरचा पानांचा पैसा

फार मागची गोष्ट नाही. एका गुरुवारी सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी, खाली शाळेची घंटा होत होती तेव्हा, करंजाच्या झाडावर बुलबुलरावांनी भाषण सुरू केलं.

"चिंचोक्यांचा पैसा मोजक्यांच्याच ढोलीत का? आजपासून पान हाच पैसा! झाड आपलं, पानं आपली!"

सगळं झाड नाचायला लागलं. खारूबाईला तीन पिल्लांसाठी कापूस हवा होता. तिनं घरट्याजवळचंच एक पान तोडलं आणि सुगरणीकडून मूठभर कापूस आणला. शुक्रवारी तेवढ्याच कापसाला दहा पानं पडली, रविवारी शंभर.

"अहो, असं काय करता सुगरणबाई?"

"पानं सगळ्यांकडेच आहेत गं. कापूस कुणाकडे आहे?"

खारूबाई पुन्हा तोडत बसली. सोमवारी शंभर पानं भरली, म्हणून तिनं वर बघितलं, तर झाड पार बोडकं! वर घार फिरतेय आणि खाली पिल्लं उघडी. तिनं ती शंभर पानं भराभरा पिल्लांवर पसरली. घार निघून गेली.

तेवढ्यात बुलबुलराव धापा टाकत आले. "ताई, दहा पानं उसनी देता? आमचंही घरटं उघडं पडलंय हो!"

पुन्हा पालवी फुटल्यावर झाडावर सगळे चिंचोकेच मोजायला लागले. बुलबुलराव आता पलीकडच्या आंब्यावर सभा घेतात म्हणे. तिकडे कुणी जाणार असाल, तर तिथल्या आयांना एवढं नक्की सांगा, घरट्यावरची पानं तेवढी राहू द्या.